पिकू द्या, असं मी म्हणाले

आमच्या हिंगोलीकडे तीन पिकं जोमात येतात, ज्वारी, कापूस आणि मोतीबिंदू. पहिल्या दोन पिकांतलं मला बापामुळे कळतं, तिसऱ्यातलं नोकरीमुळे. बाप सांगायचा, बोंड पुरतं उमलल्याशिवाय कापसाला हात लावायचा नाही. नोकरीनं शिकवलं, मोतीबिंदू पुरता पिकल्याशिवाय डॉक्टरपुढे न्यायचा नाही. दोन्हीकडे धीर धरणारा शहाणा. हे शहाणपण मी इतकं घोकलं होतं की एकदा त्यानंच घात केला, आणि घात झाला तो दुसऱ्याचा. या अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा मला आधी तेच आठवलं. कुठल्या साली कुठं बदली झाली हे वाचून कुणाचं भलं होणार आहे?

मी सरकारी दवाखान्यातली नर्स. सत्तरच्या दशकात आमचा जिल्हा परभणी होता आणि हिंगोली नुसता तालुका. डोळ्यांचे डॉक्टर वर्षातून एकदोनदा यायचे, तेही शिबिरापुरते. मधल्या काळात डोळ्यांचं जे काही असेल ते माझ्याकडे. आमच्या बौद्धवाड्यातून शिकून नर्स झालेली मी पहिली बाई. गावात तेव्हा दोन प्रकारची माणसं होती, माझं कौतुक करणारी आणि माझं कधी चुकतं याची वाट बघणारी. दुसऱ्या प्रकारची जास्त. म्हणून मी ठरवलं की चुकायचंच नाही, आणि चुकलंच तर ते तोंडानं म्हणायचं नाही. पहिलं कुणालाच जमत नाही. दुसरं मला फार चांगलं जमलं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डोळ्याच्या मधोमध जी काळीभोर बाहुली दिसते, तो रंग नसतो, ते भोक असतं. त्याच्यामागं भिंग असतं, मसुरीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं आणि आरपार. ते काचेचं नसतं, प्रथिनाचं असतं. प्रथिन म्हणजे काय, तर अंड्याचा पांढरा बलक घ्या. कच्चं अंडं फोडलं की तो पाण्यासारखा दिसतो, तव्यावर टाकला की पांढराफटक होतो, आणि मग डोकं आपटलं तरी परत आरपार होत नाही. म्हातारपणी भिंगाचं हेच होतं. तिथं तवा नसतो, जन्मभराचं ऊन आणि वय असतं. म्हणून मोतीबिंदूवर थेंब नाही, मलम नाही, झाडपाला नाही. भिंग काढायचं आणि नाकावर बाटलीच्या बुडासारखा चष्मा चढवायचा, एवढाच इलाज तेव्हा होता.

त्यात ऑपरेशनची जोखीम मोठी. म्हणून जोवर थोडं दिसतंय तोवर दिसू द्यायचं आणि भिंग पुरतं पांढरं झालं की काढायचं. पिकलाय की नाही हे मी बॅटरीनं बघायची. उजेड बाजूनं टाकायचा. भिंगावर बुबुळाची चंद्रकोरीसारखी सावली पडली तर कच्चा, नाही पडली तर पिकलेला. माझा अंदाज चुकत नसे. शिबिराचे डॉक्टर मी निवडलेले म्हातारे पुन्हा न तपासता टेबलावर घ्यायचे, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

शिबिर औंढ्याला धर्मशाळेत भरायचं. ऑपरेशननंतर पाच दिवस दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, तंबाखू नाही, भांडण तर नाहीच. एका खेपेला दोन म्हातारे शेजारी शेजारी होते. आवाजावरून त्यांची अशी काही गट्टी जमली की एकाची पेज दुसऱ्याला विचारल्याशिवाय खाली उतरत नव्हती. पाचव्या दिवशी मी पट्ट्या सोडल्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि तोंडं फिरवली. कळमनुरीकडचे सख्खे चुलतभाऊ होते, विहिरीवरून वीस वर्षं बोलणं बंद. घसे बसलेले, त्यामुळे आवाज ओळखू आला नव्हता. त्यातला एक मला हळूच म्हणाला, बाई, अजून दोन दिवस बांधून ठेवता येत न्हाई का? असली माणसं भेटायची म्हणून नोकरी गोड वाटायची.

आता कौसाबाईचं सांगते. गोरेगावची, दिगंबर शिंप्याची बायको. वीस वर्षांचीही नसेल. दीड महिन्याची पोरगी घेऊन ती हिंगोलीच्या दवाखान्यात आली. पोरीचं नाव रंजना. दोन्ही बाहुल्यांत दुधाच्या थेंबाएवढा पांढरेपणा. मी बॅटरी मारली आणि पाहिल्याबरोबर ओळखलं, मोतीबिंदू. लहान लेकरालाही तो होतो हे मला ऐकून माहीत होतं. बाजूनं उजेड टाकला, सावली पडली. कच्चा. मी कौसाबाईला अगदी ठासून सांगितलं, घाबरायचं काही नाही, अजून पिकला नाही. पिकू द्या, मोठी होऊ द्या, मग काढून टाकू.

ती किती खूश होऊन गेली. जाताना पोरीला माझ्या पायावर घालत होती, मी नको म्हटलं.

तिनं पिकू दिलं. सांगितलं तसं केलं बिचारीनं. चार वर्षांनी औंढ्याच्या शिबिराला रंजनाला घेऊन आली तेव्हा बाहुल्या पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या, आणि बुबुळं एका जागी ठरत नव्हती, सारखी इकडून तिकडं हलायची. ते बघून डॉक्टरांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी चिठ्ठी देऊन औरंगाबादला धाडलं. तिथं भिंगं काढली, चष्मा दिला. ऑपरेशन उत्तम झालं. पण रंजनाला उजेड-अंधार कळे आणि समोरून बैल गेला तर काहीतरी गेलं एवढं कळे. त्यापलीकडे नाही.

पुढच्या शिबिरात डॉक्टरांनी मला आणि कौसाबाईला समोर बसवून कारण सांगितलं. डोळा नुसती खिडकी आहे, बघायला शिकतो तो मेंदू, आणि तो शिकतो जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत. त्या महिन्यांत खिडकी बंद राहिली तर पुढं ती कितीही उघडा, आत बघणारा कुणी तयार झालेला नसतो. म्हाताऱ्याचा मोतीबिंदू दहा वर्षं थांबला तरी चालतं, कारण तो बघायला शिकून बसलेला असतो. लेकराचा दहा आठवडेही थांबत नाही. मग त्यांनी जरा रागानंच कौसाबाईला विचारलं, तुला थांबायला कुणी सांगितलं होतं?

कौसाबाईनं माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "कोनी न्हाई साहेब. आमालाच उशीर झाला."

आणि मी गप्प बसले. हातातला ट्रे ठेवून कापसाचे बोळे नीट लावत राहिले. त्या दिवशीसारखी लाज मला आयुष्यात वाटली नाही, आणि तरी तोंड उघडलं नाही. नोकरी जाईल ही भीती होती. त्याहून मोठी भीती, ते वाट बघणारे लोक काय म्हणतील याची होती.

त्यानंतर दोन वर्षांनी, शिबिराची दवंडी द्यायला आणि म्हातारे निवडायला मी गोरेगावच्या बाजाराला गेले. एका किराणा दुकानाच्या ओट्यावर बसून डोळे बघत होते. गर्दी ओसरल्यावर पदराखाली काहीतरी घेऊन कौसाबाई पुढं आली. महिन्याची दुसरी पोरगी. कला. मी बॅटरी लावायच्या आधीच मला दिसलं. तोच दुधाचा थेंब, दोन्ही डोळ्यांत.

मी म्हणाले, उद्याच्या उद्या औरंगाबाद. तिनं मान हलवली. घरचे पाठवत नव्हते. सासू गोदाबाई म्हणत होती, पहिलीला कापून काय उजेड पडला, आता दुसरीलाही कापायचं का? शिवाय गोदाबाईचं पक्कं मत होतं की दोष सुनेचा. रंजनाच्या वेळी ग्रहणात हिनं विळीवर भाजी चिरली, आणि या वेळी नक्की काय केलं ते सांगत नाही एवढंच. दिवाळी झाली की हिला माहेरी धाडायचं आणि दिगंबरला दुसरी करून द्यायची, असं बोलणं घरात चालू होतं. हे सगळं कौसाबाई न रडता सांगत होती. मला मात्र फक्त आठवडे दिसत होते. चार गेले होते. डॉक्टरांच्या बोलण्यावरून फार तर चार-पाच हातात होते.

मी तशीच तिच्या घरी गेले. घर म्हणजे पुढं दुकान, मागं राहणं. जगातले सगळे शिंपी मशीन उंबऱ्याशी, उजेडात मांडतात. दिगंबरचं मशीन पार आत, अंधाऱ्या कोपऱ्यात होतं. मी सहज विचारलं, काहून हो, इथं सुई कशी दिसते? तो म्हणाला, इथंच बराबर दिसते, बाहेर उन्हात धुकं येतं डोळ्यापुढं, लहानपणापासून तसंच आहे.

माझ्या डोक्यात लख्ख झालं. भिंगाच्या मधोमध गढूळ असेल तर असंच होतं. उन्हात बाहुली बारीक होते आणि नेमकी गढूळ भागातूनच बघते. अंधारात बाहुली मोठी होते आणि कडेच्या स्वच्छ भागातून उजेड आत जातो. मी पिशवीतून बाहुली मोठी करणारे थेंब काढले. दिगंबर कुरकुरला, आज बाजार आहे, तीन सदरे द्यायचे आहेत. थेंब टाकल्यावर दिवसभर जवळचं दिसणार नाही हे मी त्याला सांगितलं नाही, तेवढी लबाडी केली. अर्ध्या घंट्यानं बॅटरी मारली. दोन्ही डोळ्यांत भिंगाच्या मध्यावर बारीक पिठूळ गोल, भोवती काळं स्वच्छ. पोरींच्या मोतीबिंदूचाच धाकटा भाऊ.

मग मी गोदाबाईकडे वळले. ती म्हणाली, माझं काय बघता, वय झालं. मी विचारलं, लहानपणी उन्हात कसं दिसायचं, माय? तिनं सांगितलं की खुरपायला गेली की तिच्या हातून गवताऐवजी पीकच उपटलं जायचं, त्यापायी आईचा पुष्कळ मार खाल्ला. तिच्याही डोळ्यांत थेंब टाकले. म्हातारपणाचा मोतीबिंदू होताच, पण मधोमध तो जुना गोल अजून ओळखू येत होता.

आता हे सांगायचं कसं? पुस्तकातलं मला फारसं येत नव्हतं. घराण्यात उतरतं, भिंगाच्या प्रथिनातच खोट असते, एवढं डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं. पुढं माझी भाची कॉलेजात शिकवायला लागली तेव्हा तिनं उलगडून सांगितलं. प्रत्येक प्रथिन कसं बांधायचं याची कृती आईबापाकडून आपल्यात येते. त्या कृतीत एखादं अक्षर बदललं की प्रथिन वाकडं बांधलं जातं, रांगेत नीट बसत नाही, एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, आणि भिंग गढूळ होतं. शिवाय कातडी झडते, केस गळतात, पण भिंग आतलं काहीच टाकून देत नाही. पोटात असताना बांधलेलं प्रथिन मरेपर्यंत मध्यावर तिथंच बसलेलं असतं. एकाच चुकीनं एका घरात कुणाला पिठूळ गोल आणि कुणाला पूर्ण पांढरं असं का होतं, ते मात्र तिलाही पुरतं सांगता आलं नाही.

त्या दिवशी माझ्यापुढं दुकान होतं. भिंतीला सदऱ्याच्या गळ्याचा कागदी नमुना टांगलेला होता. मी तो काढून दिगंबरच्या हातात दिला. म्हणाले, "या कागदावर एक रेघ चुकली, तर यावरून कापलेला प्रत्येक गळा वाकडा येईल. कापड कुठलंही आणा. तुमच्या घरात डोळ्याच्या भिंगाचा नमुना असा एका रेघेनं चुकलाय. तो माईंकडून तुमच्याकडे आला, तुमच्याकडून पोरींकडे. कौसाबाईचा त्यात धागासुद्धा नाही."

मग दिगंबरनं विचारलंच, आणि त्याचं विचारणं रास्त होतं. मग पहिलीला कापूनही का नाही दिसलं?

कौसाबाईनं मान वर केली. ती पुन्हा माझ्यासाठी काहीतरी सांगणार हे मला कळलं, आणि मी तिला बोलू दिलं नाही.

"माझ्यामुळे," मी म्हणाले. "दीड महिन्याची असताना कौसाबाई तिला माझ्याकडे घेऊन आली होती. मी म्हटलं पिकू द्या. लेकराचा पिकू द्यायचा नसतो हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायची मला सवय नव्हती. तुमच्या बायकोनं उशीर केला नाही. मी करवला."

दिगंबर उठला. मला वाटलं आता हा हात उगारतो की काय. तो नुसता दारापर्यंत गेला, बाहेरचं ऊन मोठ्या बाहुल्यांवर आलं तसे दोन्ही हात डोळ्यांवर धरून तिथंच उभा राहिला. तिकडं तोंड ठेवूनच म्हणाला, "इतकी वर्षं मी हिला बोलून राहिलो."

गोदाबाई उठून मागच्या घरात गेली. मी त्यांच्या ओट्यावर बसून होते, हरलेच असं धरून चालले होते. थोड्या वेळानं ती बाहेर आली ती लुगडं बदलून, हातात गाठोडं. कौसाबाईच्या मांडीवरून कलाला उचललं आणि मला म्हणाली, हिंगोलीची गाडी किती वाजता आहे?

गाडीत ती माझ्याच शेजारी बसली. ती बाहेर बघत होती, थेंबांनी तिला काही दिसत नव्हतं ते वेगळं. मग अगदी हळू, कौसाबाईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, तिनं सांगितलं की दिगंबरच्या आधी तिला एक पोरगी झाली होती. तिचेही डोळे पांढरे. दोन वर्षांची होऊन तापानं गेली.

"तवा ग्रहणात मी अडकित्त्यानं सुपारी कातरली व्हती," ती म्हणाली. "सासू मरेपर्यंत म्हनायची, तूच पोरगी आंधळी केली. मला बी तसंच वाटायचं. मंग त्या सुपारीचं काई नव्हतं?"

"काही नव्हतं, माय."

"नक्की सांगा, बाई."

नक्की सांगायची माझी जुनी खोड. पण हे मला खरोखर माहीत होतं. मी म्हणाले, नक्की. म्हातारी नातीला छातीशी धरून हिंगोली येईपर्यंत रडत होती. मी तिला गप्प केलं नाही. चाळीस वर्षांचं रडणं, ते एका गाडीत कसं आवरणार?

औरंगाबादला मी रजा टाकून सोबत गेले. कलाचा एक डोळा सातव्या आठवड्यात झाला, दुसरा त्यानंतर काही दिवसांनी. एवढ्याशा नाकावर चष्मा टिकेना. दिगंबरनं मऊ मलमलीचा पट्टा शिवून तो डोक्यामागं बांधला, आणि पोरगी वाढेल तसे नवे पट्टे शिवत राहिला. दुसऱ्या लग्नाचं बोलणं बंद झालं ते झालंच. अगदी स्वच्छ दिसतं असं मी म्हणणार नाही, पण पुढं कला पहिल्या बाकावर बसून फळा वाचायची आणि बाजारात मला लांबून ओळखून हाक मारायची. माझ्या नोकरीत मी मिरवावं असं जे काही असेल, त्यात ही हाक मी सगळ्यात वर ठेवते.

पण मला सांगायचं आहे ते आणखी एक. कला वर्षाची असताना मी त्यांच्या घरी चष्मा बघायला गेले होते. कौसाबाई चहा ठेवत होती. कला माझ्या हातातल्या किल्ल्यांकडे झेपावत होती, किल्ली इकडं नेली की इकडं, तिकडं नेली की तिकडं. रंजना जवळ बसून त्या किल्ल्यांचा आवाज ऐकत होती. सात वर्षांची झाली होती ती. तिनं विचारलं, हिला दिसतं व्हय? मी म्हटलं, दिसतं.

"मंग मला काहून न्हाई?"

चुलीपाशी कौसाबाईचा हात थांबला. या वेळी मला कुणी आडोसा दिला नाही, आणि मला तो नकोही होता. मी रंजनाला जवळ घेतलं. सांगितलं, तू कलाहूनही लहान होतीस तेव्हा तुझी आई तुला माझ्याकडे घेऊन आली होती. तुला तेव्हाच मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं. मी तिला थांब म्हणाले. माझं चुकलं.

तिची बुबुळं नेहमीसारखी हलत राहिली. तिनं माझा हात चाचपला, बांगड्यांपर्यंत आली, थांबली. मला वाटलं आता रडेल, किंवा हात झिडकारेल. मी दोन्हीला तयार होते.

"मंग आता कोनाला तसं सांगू नका," रंजना म्हणाली.

त्यानंतर मी आणखी बावीस वर्षं नोकरी केली. वरिष्ठांचे पुष्कळ हुकूम मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडले. हा एक सोडला नाही.